बाराचं आवतन

आमच्या रांजणवाडीत बंदुकीचा आवाज झाला की पोरं साखर खायला पळायची. हे आधी सांगितल्याशिवाय पुढचं काही कळायचं नाही, म्हणून आधीच सांगते. पलूस आणि आष्टा यांच्या मधल्या पट्ट्यातलं हे गाव. घरटी एक माणूस फौजेत, पेन्शनवर आलेल्या दोघा-चौघांकडे परवान्याच्या बंदुका. कुणाला मुलगा झाला की घरातल्या जाणत्यानं अंगणात उभं राहून आभाळात बार उडवायचा, ही रीत. बार ऐकला की धूर दिसेल तिकडे धावायचं. आधी पोचेल त्याला मूठभर साखर, मागून येईल त्याला चिमूटभर.

मुलगी झाली तर बार नाही आणि साखरही नाही. लीला म्हणायची, "अंजे, आपल्या दोघींच्या येळंला कुणाची झोप बी मोडली न्हाई बग."

लीला माझ्या बाकावरची. नववीच्या वर्गात आम्ही दोघीच मुली, बाकी सगळे मुलगे. साखरेच्या बाबतीत ती पक्की होती. उजव्या हातावरची साखर तोंडात टाकायची, तोंड पुसायचं, गर्दीतून वळसा घालून परत पुढे यायचं आणि आता डावा हात पसरायचा. "डाव्या हातानं कुणी मागतं व्हय गं?" म्हणून बाया खेकसायच्या. "उजव्याचं उजव्याला पावलं. ह्यो डावा उपाशी हाय," हे तिचं ठरलेलं उत्तर. खेकसणारीच मग हसून तिच्या हातावर साखर घालायची.

त्र्याहत्तर सालची दिवाळीची सुट्टी संपून शाळा नुकतीच भरली होती. त्याच्या आदल्या वर्षी दुष्काळ पडला, तेव्हा नाथाजी आणि आप्पासो या चुलतभावांत सामाईक विहिरीच्या पाण्यावरून भांडण लागलं होतं. नंतर पाऊस झाला, विहीर भरली, पण भांडण काही मिटलं नाही. आप्पासो शाळेच्या कमिटीवर होता आणि त्या दुपारी शाळेत कमिटीची बैठक होती. नाथाजी रिटायर हवालदार. जत्रेत भैरोबाची पालखी उठण्याआधी एक बार होतो, तो उडवायचा मान त्याच्या घराचा. ज्या दुनळी बंदुकीनं तो देवाला बार द्यायचा तीच घेऊन तो शाळेत आला. आप्पासो त्या दिवशी सांगलीला गेला होता, बैठकीला आलाच नव्हता. नाथाजीला ते माहीत नव्हतं.

पहिला बार त्यानं ऑफिसच्या बंद दारावर केला. आम्हाला तेव्हा मधुकर सर बीजगणित शिकवत होते. गावात अर्जुना नावाचा जवान रजेवर आलेला, त्याची बायको भरल्या दिवसांची. लीला ताडकन उठली. "अर्जुनाला पोरगा झाला," म्हणाली आणि दाराकडे पळाली. तिच्यामागे मी आणि माझ्यामागे अर्धा वर्ग. सर मूळचे वाईचे, पण एव्हाना आमच्या रीतीला सरावले होते. "अरे हळू, दार मोडाल," असं हसत म्हणत तेही आमच्याबरोबर व्हरांड्यात आले.

त्या आवाजाला दुसऱ्या कुठल्याही गावातली पोरं खाली बसली असती. आम्ही त्याच्याकडे पळालो.

सरांना बंदूक दिसली तशी त्यांनी हात पसरून आम्हाला मागे रेटलं. लीला त्यांच्या हाताखालून आधीच पुढे गेली होती. नाथाजी पावलांच्या आवाजाकडे वळला. दुसरा बार त्या दोघांना लागला आणि थोडे छर्रे माझ्या डाव्या दंडात घुसले. नाथाजीनं बंदुकीची नळी खाली मोडून नवी काडतुसं घातली. तेवढ्यात आमच्या वर्गातला शेवटच्या बाकावरचा मुलगा बाहेर आला. तो कृष्णात, नाथाजीचा मुलगा. लीलाला ओलांडून तो बापासमोर जाऊन उभा राहिला आणि म्हणाला, "दादा, म्या हाय." एवढंच. नाथाजीनं बंदूक खाली ठेवली आणि पायरीवर बसला. पोलीस येईपर्यंत तो तिथेच बसून होता.

सर आणि लीला दोघंही गेले. अर्जुनाला पुढे मुलगी झाली.

मला सांगलीच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी छर्रे काढले, एक मात्र हाडाजवळ होता तो राहू दिला. "काही करत नाही तो," म्हणाले. अजून आहे तो तिथे. बोट फिरवलं की ज्वारीच्या दाण्याएवढा लागतो.

घरी आल्यावर भेटायला येणाऱ्यांची रीघ लागली आणि मला त्या सगळ्यांचा राग येऊ लागला. "आयुष्याची दोरी बळकट हुती पोरीची," असं जो तो म्हणायचा. म्हणजे लीलाची काय कच्च्या सुताची होती? मी असं विचारलं की आई डोळे वटारायची आणि मी भिंतीकडे तोंड करून पडायचे. अंगारे झाले, उतारे झाले. वाईहून सरांच्या बायकोचा भाऊ आला. बाईंना, त्यांच्या लहान मुलाला आणि पुस्तकांच्या ट्रंकेला घेऊन गेला. मी त्यांना भेटायला गेले नाही. कुठल्या तोंडानं जायचं तेच कळेना. मी जिवंत होते, हाच मला त्यांच्यापुढे अपराध वाटत होता.

शाळेनं व्हरांड्याची भोकं बुजवून वरून चुना दिला. साताऱ्याकडचे एक नवे मास्तर आले, भले माणूस, पण पहिल्याच आठवड्यात त्यांनी डस्टर टेबलावर आपटलं आणि सगळा वर्ग बाकांखाली गेला. बिचारे स्वतःच रडायला लागले. दुपारी उन्हानं शाळेचा पत्रा ताणला की कट्कन वाजतो. तो वाजला की आम्ही खाली. मग एकेकानं उठायचं, कपडे झटकायचे, पुस्तक उघडायचं. कुणी कुणाला हसायचं नाही. जोतीराम म्हणून वर्गातला सगळ्यांत टारगट मुलगा होता, सरांच्या खुर्चीत खाजकुयली टाकणारा. तो आता दाराशी पाठ करून बसत नसे आणि दिवसभरात चार शब्द बोलत नसे. उसाचं पाचट पेटवलं की कांड्या तडतडतात. त्या तोडणीच्या दिवसांत मी शेताकडे गेलेच नाही.

गावात आमच्याबद्दल 'वाचल्याली पोरं' असं बोललं जायचं. त्या पोरांत कृष्णातला कुणी धरत नव्हतं. नाथाजी तुरुंगात होता, खटला उभा राहायचा होता. कृष्णात शाळेत आला नाही आणि त्याला बोलवायलाही कुणी गेलं नाही. मयताच्या घरी शेजारपाजारचे भाकरी-पिठलं घेऊन जातात. लीलाच्या घरी गेलं, सरांच्या खोलीवर गेलं. नाथाजीच्या घरी कोण नेणार? कृष्णातची आई हिराबाई पहाटे अंधारातच पाणी भरून घरात जायची ती दिवसभर दिसायची नाही. मलाही त्या घराकडे बघवत नव्हतं. रस्त्यात ते घर आलं की मी दुसरीकडे मान फिरवायचे.

आणि मग चैत्र आला.

माझे वडील लालासाहेब सुभेदार म्हणून रिटायर झालेले, गावाचे पुढारी. आम्ही त्यांना तात्या म्हणतो. जत्रेच्या बैठकीहून ते घरी आले आणि जेवता जेवता आईला म्हणाले, "बार हुणार. कृष्णात उडवंल. त्येंची बंदूक पोलिसांनी नेलीया, म्हणून आपली द्यायची ठरलंय."

माझ्या हातातली पळी आमटीत पडली. पुन्हा तो आवाज या जन्मात ऐकायचा नाही, एवढं एकच मागणं त्या हिवाळ्यात मी देवाकडे मागितलं होतं. आणि आता देवाच्याच नावानं तो होणार होता.

"तात्या, यंदा बार नको," मी म्हणाले.

"देवाचा हाय त्यो. आपल्या मनावर न्हाई."

"कानठळ्या बसल्याबिगर देवाला उठता येत न्हाई व्हय?"

"अंजे," आई दबक्या आवाजात म्हणाली. तात्या मात्र रागावले नाहीत. हात धुऊन त्यांनी मला ओसरीवर बोलावलं.

"आयक. नाथाजीच्या घरानं बार न्हाई केला तर मान आप्पासोच्या घरात जातो. रीतच हाय तशी. आप्पासो टपूनच बसलाय. एका हिरीपायी दोन जीव गेलं. उद्या कृष्णात मोठा हुईल, आपला मान गेला ही गोष्ट त्येच्या डोक्यात कुजत ऱ्हाईल. मला गावात आनि एक दुनळी भाईर काढायची न्हाई."

त्यांचं बरोबर होतं आणि म्हणूनच माझा संताप झाला. चुकणाऱ्याशी भांडता तरी येतं.

"मग आमी काय करायचं?" मी म्हणाले. "पत्रा वाजला तरी आमी बाकाखाली जातो. जोतीराम चड्डीत मुततो, तात्या. ठावं हाय तुमास्नी?"

तात्यांनी तंबाखू मळायला घेतली. मग म्हणाले, "तुझ्या आत्याच्या लग्नाला म्या लढाईवरनं रजा काढून आलो हुतो. अक्षता पडल्या आन् कुणीतरी बार उडवला. म्या नवऱ्या मुलाला मिठी मारून बाजल्याखाली घातला. सगळा मांडव हसला. तुझी आई बी हसली."

"म्या न्हाई हसले," आतून आई म्हणाली.

"फौजेत एवढ्या गोळ्या मारल्या, चांदमारीला कवा भ्या वाटलं न्हाई," तात्या पुढे म्हणाले. "चांदमारी म्हंजी नेमबाजीचं मैदान. तिथं आदुगर तांबडा बावटा लावत्यात. शिट्टी हुती. समद्यास्नी ठावं असतं. ठावं असल्यालं सोसतं गं. न सांगता आल्यालं सोसत न्हाई."

त्या रात्री मला नीट झोप लागली नाही, पण पहिल्यांदाच ती भीतीनं गेली नव्हती. मी तात्यांच्या बावट्याचा विचार करत होते. बावटा आमच्या गावातही होता की. जत्रेच्या आदल्या दिवशी मानाच्या घरचा माणूस ताटात हळदीच्या अक्षता घेऊन घरोघर जायचा आणि सांगायचा, "उद्या बाराला या." याला बाराचं आवतन म्हणतात. यंदा आवतन द्यायचं नाही असं बैठकीत गुपचूप ठरलं होतं. कृष्णातला दारात कोण उभं करणार, म्हणून. म्हणजे बार होणार आणि तो पुन्हा न सांगताच येणार.

दुसऱ्या दिवशी मी नाथाजीच्या घरी गेले. कृष्णात अंगणात म्हशीपुढे वैरण टाकत होता. खूप वाळला होता. हिराबाईनं मला पाहिलं, पदर ओढला आणि आत गेली. मला वाटलं दार लावणार. पण ती तांब्या घेऊन बाहेर आली. त्या घरात इतक्या दिवसांत कुणाला पाणी विचारायची वेळच आली नसावी. तिनं तो इतक्या घाईनं पुढे केला की अर्धं पाणी जमिनीवर सांडलं. उरलेलं मी प्याले.

"उडवू नको म्हणून सांगाय आलीस न्हवं?" कृष्णात म्हणाला. "म्या उडवणारच न्हाई. आप्पासोकाका घिऊ दे मान."

"आन् तुझी आई?"

"आई म्हणती, उडव. न्हाई उडवला तर आपून ह्या गावातनं उठलो." त्यानं हातातली वैरण खाली टाकली. "माझं बोट चापावर जाणार न्हाई, अंजना. मला रोज दादा दिसत्यात."

"मला लीला दिसती," मी म्हणाले. त्याला लागावं म्हणूनच म्हणाले.

"मला बी दिसती," तो म्हणाला. "म्या तिला वलांडून गेलो. वलांडू न्हाई म्हणत्यात ना माणसाला. आडवी हुती, दुसरी वाटच न्हवती."

इतके महिने मी त्याला नाथाजीचा मुलगा म्हणूनच पाहिलं होतं. तो आमच्यातलाच एक होता. त्याच व्हरांड्यात उभा होता आणि बंदुकीच्या सगळ्यांत जवळ गेला होता. तो पुढे झाला नसता तर मी आज हे लिहायला नसते. मला रडू आलं आणि ते मी लपवलं नाही. तोही रडला. म्हैस तेवढी शांतपणे वैरण खात होती.

डोळे पुसून मी म्हणाले, "आवतन दे, कृष्णात. गावाला नको दिऊस. आमच्या घरास्नी तरी दे. कवा हुणार, किती हुणार, सांग. मग आमी बगतो."

"कुणाच्या दारात जाऊ म्या? लीलाच्या?"

"म्या येते संगं."

जत्रेच्या आदल्या संध्याकाळी आम्ही निघालो. हिराबाईनं घासून लख्ख केलेलं पितळी ताट त्याच्या हातात, आणि मी एक पाऊल मागे. पोरगी आवतनाला फिरते हे गावानं पहिल्यांदाच पाहिलं, पण कुणी काही बोललं नाही. बोलायला हवं होतं, माझी तयारी होती. दोन घरांनी आम्हाला बघून दार लावून घेतलं. एका म्हातारीनं अक्षता घेतल्या आणि कृष्णातच्या देखत उकिरड्यावर टाकल्या. तो पुढच्या घरी गेला. प्रत्येक दारात तो तेच सांगत होता, "उद्या उन्हं कलल्यावर, पालखी उठायच्या आदुगर. एकच बार. नुसत्या दारूचा, आभाळात."

जोतीराम ओसरीवर बसला होता. त्यानं सगळं ऐकून घेतलं.

"एकच?" त्यानं विचारलं.

"एकच."

"मागनं दुसरा न्हाई?"

"न्हाई. दुसरं काडतूसच देत न्हाईत मला."

"मग म्या येतो," जोतीराम म्हणाला. त्याच्या बापानं ताटातल्या अक्षता उचलल्या आणि कपाळाला लावल्या.

लीलाचं घर आम्ही शेवटी ठेवलं होतं. तिची आई बनुबाई दारातच तांदूळ निवडत बसलेली. मी तिला मावशी म्हणायचे, पण लीला गेल्यापासून तिच्या समोर जायचं टाळत होते. मला पाहिलं की तिची नजर आपोआप माझ्या शेजारच्या मोकळ्या जागेकडे जायची. कृष्णात पायरीखाली उभा राहिला. त्यानं बोलायला तोंड उघडलं, पण आवाज फुटेना, म्हणून मीच सांगू लागले. बनुबाईनं मला हातानं थांबवलं.

"त्येला सांगू दे," ती म्हणाली.

"उद्या उन्हं कलल्यावर," कृष्णात म्हणाला, "पालखी उठायच्या आदुगर. एकच बार, मावशी. नुसत्या दारूचा. आभाळात."

बनुबाई उठली. तिनं चार अक्षता घेतल्या, पदराच्या टोकाला बांधल्या आणि आत जाऊन दार लावून घेतलं.

"राग आला असंल," कृष्णात म्हणाला.

"आला असंल," मी म्हणाले. खोटा धीर द्यायची मला सवय नाही.

दुसऱ्या दिवशी भैरोबाच्या देवळापुढे माणूस मावत नव्हतं. पालखी सजून ओट्यावर ठेवली होती, हलगी थांबली होती. आम्ही वर्गातली सगळी दीपमाळेजवळ एका ठिकाणी उभी राहिलो आणि एकमेकांचे हात धरले. एरवी पोरीनं पोराचा हात धरला असता तर चार गावांत बभ्रा झाला असता. त्या दिवशी आमच्याकडे सगळे नुसते बघत राहिले. माझ्या एका हातात जोतीरामचा हात होता आणि तो घामानं भिजला होता.

तात्या आले. त्यांनी काडतुसाचं तोंड उघडलं आणि आतले छर्रे आमच्यासमोर कागदावर ओतले. ते मला ओळखीचे होते. मग त्यांनी डोक्याचा तांबडा फेटा सोडला आणि त्याचं एक टोक दीपमाळेच्या हाताला बांधलं. फेटा वाऱ्यावर फडफडू लागला. लोकांना वाटलं सुभेदारांचा काही नवस असेल. मला माहीत होतं तो काय आहे ते.

कृष्णात अनवाणी पुढे आला. बंदूक घेतली, कपाळाला लावून देवाला नमस्कार केला, नळी आभाळाकडे केली. आणि तसाच उभा राहिला.

काही होईना. त्याचा कोपर खाली येत होता, तो पुन्हा वर करत होता. बोट चापाजवळ जायचं आणि मागे यायचं. गर्दीत कुजबुज सुरू झाली. खांब धरून उभ्या असलेल्या हिराबाईनं डोळे मिटले होते. तेवढ्यात गर्दीतून आप्पासो पुढे आला, पांढराशुभ्र पटका बांधलेला.

"पोराला जमत न्हाई," तो म्हणाला. "आना हिकडं." आणि त्यानं बंदुकीसाठी हात लांब केला.

तो हात पाहिला आणि माझं डोकं फिरलं. ज्याला मारायला निघालेल्या बंदुकीनं लीला मेली, तो हा माणूस. त्याची चूक नव्हती, तो सांगलीला गेला होता, सगळं कबूल. पण त्यानंतर एकदाही तो बनुबाईच्या दारात आला नव्हता, आणि मान घ्यायला मात्र कडक इस्त्रीत हजर होता. बार नको म्हणणारी मीच ओरडले.

"उडव, कृष्णात. आमास्नी ठावं हाय."

त्यानं माझ्याकडे पाहिलं.

"उडव," जोतीराम म्हणाला. त्याच्या शेजारचा म्हणाला, मग त्याच्या पलीकडचा.

कृष्णातनं डोळे उघडे ठेवले आणि चाप ओढला.

काय झालं ते खरं सांगते, शौर्य सांगत नाही. मी मटकन खाली बसले. आमच्यातला एक जण देवळात पळाला, दोघं कान धरून ओरडत राहिले. जोतीरामनं माझा हात इतका आवळला की बोटांचे वळ उठले. देवळावरचे पारवे उडाले, दारूचा वास आला, तोच वास, आणि मला व्हरांडा दिसला, लीलाची वेणी दिसली. मी दुसऱ्या आवाजाची वाट बघत राहिले. दुसरा झालाच नाही. सांगितल्याप्रमाणे एकच झाला. पारवे एक फेरी मारून परत कळसावर बसले, आणि मी अजून तिथेच होते.

हलगी वाजायला लागली. भोई पालखीला हात घालणार तोच गर्दी बाजूला झाली आणि बनुबाई आली. तिच्या हातात एक डबा होता. ती सरळ माझ्या वडिलांसमोर जाऊन उभी राहिली.

"सुभेदार," ती म्हणाली, "ह्यो बार माझ्या लीलाचा. ती झाली तवा कुणी उडवला न्हवता."

तात्यांचं डोकं उघडंच होतं, ते त्यांनी खाली घातलं. "व्हय, बनुबाई," म्हणाले. "तिचाच."

तिनं डबा उघडला. आत साखर होती. जत्रेला गुलाल असतो, खोबरं असतं, साखर कधी नसते. ती आधी कृष्णातकडे गेली. त्याच्या एका हातात अजून बंदूक होती आणि दुसरा हात दारूनं काळा झाला होता. तो हात त्यानं पाठीमागे नेला. बनुबाईनं तो धरून पुढे आणला, उताणा केला आणि त्यावर मूठभर साखर घातली.

"खा रं," ती म्हणाली. "घरी नगं नेऊ. हितंच खा."

त्यानं खाल्ली. रडत रडतच खाल्ली, साखर हनुवटीवर सांडली. मग ती आमच्या रांगेत आली. जोतीरामला घातली, त्याच्या शेजारच्याला घातली, देवळात लपलेल्याला हाक मारून बोलावलं आणि त्याला घातली. मी अजून जमिनीवरच बसले होते. ती वाकली आणि माझ्या उजव्या हातावर मूठ रिकामी केली. मी ती तोंडात टाकली आणि तोंड पुसलं.

मग मी डावा हात पुढे केला. छर्रा असलेला दंड दुखत होता, तरी पुरता लांब केला आणि तळवा पसरला.

बनुमावशी त्या हाताकडे बघत राहिली. तिचे ओठ हलले. गावातल्या सगळ्या बायांनी हजारदा विचारलेलं ते ती विचारेल असं मला वाटलं, पण तिनं काही विचारलं नाही. तिनं डब्यात हात घातला, मूठ भरली आणि माझ्या डाव्या हातावर साखर घातली.